तेविसाव्या खणातला दोष

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण गेल्या मंगळवारी एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, तिथून वर येताना कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. इकडे बाकी सगळं ठीक. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता चष्म्याशिवाय कॅलेंडरवरचे बारीक आकडेसुद्धा दिसतात, असं ताईकडून कळलं. ताईच्या गुडघ्याचंही ताईकडूनच कळतं, आणि जरा जास्तच कळतं. तरी पत्रात विचारायची पद्धत असते म्हणून विचारतो : तुम्ही दोघं कसे आहात?

तुम्ही राहता चाळीस मिनिटांच्या अंतरावर, आणि दर दुसऱ्या शनिवारी ताईला आमच्याकडे सोडून आमच्याच फाटकाबाहेर गाडीत दोन तास पेपर वाचत बसता. मग या माणसाला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुमच्या मनात येईल. (ताई वर आल्यावर सांगते, ‘त्यांना गाडीतच बरं वाटतं.’ आम्ही ‘असं होय’ म्हणतो आणि चहा पाठवतो. कप रिकामा परत येतो, एवढाच गेल्या अकरा महिन्यांतला आपला व्यवहार.) तर पत्र लिहिण्याचं कारण इतकंच, की आपल्या जाझ वाद्यवृंदाबद्दल काही माहिती तुमच्यापर्यंत पोचावी. तुम्ही त्याचे संस्थापक सदस्य आहात आणि रजिस्टरमध्ये तुमचं नाव अजून आहे. या पत्रात कसलीही मागणी नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. माझ्या लिफ्टतपासणीच्या खात्यात अहवाल आणि अर्ज वेगवेगळ्या फायलींत जातात. हा अहवाल आहे.

तालीम अजूनही रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातच होते. पेशंटांच्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या की बाईंचे ड्रम बरोबर मावतात. शिंप्याचा बास, ते माणसाहून उंच तंतुवाद्य, अजून औषधांच्या कपाटाला टेकूनच उभा असतो, आणि तुमचा पियानो (म्हणजे बाईंचा, पण आम्ही तुमचाच म्हणतो) हिरड्यांच्या तक्त्याखाली आहे तिथेच आहे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ सुजलेला गाल धरून दार उघडं दिसलं म्हणून आत आले. बाई म्हणाल्या, एवढं गाणं संपू दे. ते बिचारे पूर्ण गाणं ऐकत बसले आणि संपल्यावर म्हणाले, दाढेचं आता काही वाटत नाही. बाईंनी ते आपल्या ड्रमच्या खात्यात जमा केलं. शिंप्याचं मत वेगळं आहे, त्याला वाटतं माणूस घाबरला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या सभागृहात आपला वार्षिक कार्यक्रम आहे. गेल्या वर्षीचंच ते जुनं संथ गाणं ग्रंथपालांनी मुद्दाम पुन्हा मागितलं आहे. पियानोवर मुलींच्या शाळेतल्या संगीतशिक्षिका आहेत. त्या वेळेवर येतात, नखं कापलेली असतात, आणि कागदावर जे आहे तेच वाजवतात. म्हणजे आमचं काहीएक अडलेलं नाही, तेव्हा तुम्ही अजिबात काळजी करू नये.

आता मूळ विषय. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात, चार-चार ठोक्यांच्या बत्तीस खणांत मांडलेल्या त्या गाण्यात, माझा क्लॅरिनेटचा सोलो होता, हे तुम्हाला आठवत असेल. (नसेल आठवत तर बरंच आहे, पण माझ्या अहवालाची प्रत तुमच्याकडे असणारच.) सोलो संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चहाच्या वेळी, हातात बिस्कीट असताना, पस्तीस माणसांत मी तुम्हाला म्हणालो, ‘दाजी, तेविसाव्या खणात तुमचा हात घसरला.’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘असेल.’ बस. तिथे थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण एकतीस वर्षं लिफ्टची तपासणी करून माणसाला एक खोड लागते. तोंडी सांगितलेला दोष हा दोष नव्हे. तो लेखी द्यावा लागतो, त्यावर क्रमांक घालावा लागतो, आणि संबंधितांना प्रती पाठवाव्या लागतात. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या छापील फॉर्मवर लिहिलं : ‘दोष : खण क्र. २३ मध्ये कागदावर सी सेव्हन असताना वादकाने भलतीच कॉर्ड वाजवली. कारण : निष्काळजीपणा अथवा वय. उपाय : सराव. पुनर्तपासणी : पुढील रविवारी.’ मूळ प्रत तुम्हाला, एक शिंप्याला, एक डॉक्टरीणबाईंना. बाईंनी ती न वाचताच दवाखान्यातल्या फळ्यावर लावली, कारण खात्याचा शिक्का पाहून त्यांना वाटलं इमारतीच्या लिफ्टबद्दल आहे. आठवडाभर लोक आपला नंबर येईपर्यंत तुमचं वय आणि निष्काळजीपणा वाचत होते. पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

मी तेव्हा काय म्हणालो हे ताईने सांगितलं असेलच, म्हणून लपवत नाही. मी म्हणालो, चूक दाखवली की राग येतो, माणसाचा स्वभावच आहे. शिवाय हा माणूस छापखान्यात तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत बसलेला, त्याला स्वतःची एक सोसत नाही! हे मी चढ्या आवाजात म्हणालो होतो. आता लिहिताना आवाज बराच खाली आला आहे.

तर तुम्ही गेल्यावर मी ठरवलं, की आपण बरोबर होतो हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करायचं. त्यासाठी ते गाणं मुळापासून तपासायला घेतलं. बत्तीस खण मोठ्या कागदावर आखले, प्रत्येकात त्याची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर, लिहिली, आणि रंगीत पेन्सिली आणल्या. (पुढचं सगळं तुम्हीच मला शिकवलेलं आहे. ही माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, ‘अहो, त्यांचंच त्यांना काय शिकवताय!’ पण अहवालात पार्श्वभूमी द्यावी लागते.) सात सुरांची सात मजली इमारत धरली, तर प्रत्येक कॉर्ड एकेका मजल्यावर उभी असते. पहिला मजला म्हणजे घर. तिथे पोचलं की जिवाला बरं वाटतं. पाचव्यावर माणसाला चैन पडत नाही, कधी एकदा घरी जातो असं होतं. आणि दुसरा मजला म्हणजे पाचव्यावर जायच्या आधीची तयारी. दोन, पाच, एक. दोन, पाच, एक. मी घर हिरव्याने रंगवलं, पाचवा लाल, दुसरा निळा, आणि बघतो तर काय, निळा-लाल-हिरवा, निळा-लाल-हिरवा, असं अकरा वेळा! एकवीस खणांत, कधी लांबवून तर कधी एका खणात दोन कॉर्ड कोंबून, हा माणूस (गाणं रचणारा) नुसता दुसऱ्यावरून पाचव्यावर आणि पाचव्यावरून घरी ये-जा करतोय. मधल्या आठ खणांत तो शेजारच्या इमारतीत जातो खरा, पण तिथेही तेच करतो. इतकी वर्षं मला ज्याची भीती वाटत होती ते जाझ म्हणजे एकच लिफ्ट निघाली.

माझा आनंद काय सांगू. ऐन वेळी सुचेल ते वाजवायचं म्हटलं की आजवर माझ्या हाताला घाम फुटायचा. आता कळलं की सुचायची गरजच नाही. निळ्या खणात कुठले सूर चालतात, लाल खणात कुठले, याचा तक्ता केला आणि त्यावरून बत्तीस खणांचा सोलो लिहूनच काढला. कॉमा आणि श्वासासकट. तुमचं एक वाक्य मध्येमध्ये आठवायचं, ‘कागद पाठ कर, आणि मग शेजारच्याचं ऐक.’ पहिला भाग मी इतका मन लावून केला की दुसऱ्याला वेळ उरला नाही.

लिहिताना एकच खण अडला, तेविसावा. तक्त्याप्रमाणे जे सूर बसवत होतो ते बरोबर होते, पण त्यांत मजा येईना. तेव्हा शिंप्याच्या बायकोने गेल्या वर्षीचा कार्यक्रम दुसऱ्या रांगेतून फोनवर घेतला होता, तो मागवला. (सुरुवातीला तिच्या पिशवीची चेन दोनदा वाजते. बाकी स्वच्छ आहे.) ऐकलं, आणि दाजी, तेविसाव्या खणात मी एक लांब सूर धरला आहे, असा सूर मी जन्मात पुन्हा काढला नसेल. एफ शार्प. पियानोवर त्याचं जे नाव तेच लिहितोय, क्लॅरिनेटच्या कागदावर तोच आवाज एक सूर वरच्या नावाने लिहिलेला असतो. दोन खण मी तो धरून ठेवतो आणि मग एक पायरी उतरून घरच्या सुरावर येतो. त्या जागी सभागृहातून एक ‘वा’ ऐकू येतो, तो ग्रंथपालांचा, त्यांना मी नंतर विचारून खात्री करून घेतली. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, अख्ख्या कार्यक्रमात माझ्या अंगावर काटा आला तो तिथेच. मी म्हटलं, चला, म्हणजे जिथे दाजींचा हात घसरला नेमका तिथेच आपण गाणं सावरून धरलं. तो सूर मी लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित करून नव्या सोलोत बसवला.

मग आली शिक्षिकाबाईंबरोबरची पहिली तालीम. बावीस खण मी कागदाबरहुकूम वाजवले. शिंपी मान हलवत होता. (तो बासबरोबर नेहमीच हलवतो, पण मला ती दाद वाटली.) तेविसावा आला, मी छाती भरून श्वास घेतला आणि तो सूर लावला. दाजी, दवाखान्यात इतकी वर्षं माणसं ओरडली असतील, पण असा आवाज त्या भिंतींनी ऐकला नसेल. मला वाटलं फुंकायच्या टोकाची रीड चिरली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंचा हात सवयीने गालाकडे गेला. शिंप्याने बास थांबवून विचारलं, कोणाची तरी पट्टी चुकली का? मी शिक्षिकाबाईंकडे वळलो आणि बजावलं, की गेल्या वर्षीसुद्धा पियानोची चूक याच खणात झाली होती. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. ‘इथे सी सेव्हन आहे, मी सी सेव्हन वाजवतेय. तुमचा सूर यात बसत नाही.’ मुलींना शिकवणारी माणसं आवाज न चढवता बोलतात, त्याचा फार त्रास होतो.

घरी आल्याआल्या मी फॉर्म काढला आणि ‘दोष’ या शब्दापुढे शिक्षिकाबाईंबद्दल लिहायला बसलो. हिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, आजवर कधी असं केलं नव्हतं. म्हणाली, ‘एका फॉर्मपायी दाजी दहा महिने गाडीत बसतायत. आता ही बाई कुठे बसवायचीय? आधी ते रेकॉर्डिंग नीट ऐका, आणि स्वतःचं सोडून ऐका.’

ऐकलं. तोवर मी ते तीस-चाळीस वेळा ऐकलं होतं, पण प्रत्येक वेळी क्लॅरिनेटच ऐकत होतो. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने कसं लावायचं ते डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं, तसं लावलं, आणि फक्त पियानोच्या मागे गेलो. एकविसावा खण, बाविसावा, बोटाने टेबलावर मोजत. आणि मग तेविसावा. आधी माझा सूर येतो. एकटा. पियानो गप्प आहे. त्या गप्प जागेत माझा एफ शार्प उघडा पडलाय, आणि तो चूक आहे, दाजी. साफ चूक आहे. आणि मग अर्ध्या ठोक्यानंतर तुमची कॉर्ड येते. एफ शार्प सेव्हन. कागदावर नसलेली. ती आली की माझा तो केविलवाणा सूर एकदम त्या कॉर्डचा मालक होऊन बसतो, जणू यजमान आधी येऊन पाहुण्यांची वाट बघत होता. ग्रंथपालांचा ‘वा’ त्यानंतर आहे.

मी फोन बंद केला आणि रंगीत कागदावर तेविसाव्या खणावर बोट ठेवलं. माझं नेमकं काय झालं होतं ते आता मला सगळं आठवलं, किंवा इतके दिवस आठवू दिलं नव्हतं ते आठवलं. मी खण मोजायला चुकलो होतो. मला वाटलं पंचविसावा आला, घर आलं, म्हणून दोन खण आधीच घरचा सूर लावायला गेलो. क्लॅरिनेटवर आपल्या गाण्याचा घरचा सूर म्हणजे काहीच करायचं नसतं. सगळी भोकं उघडी ठेवून नुसतं फुंकायचं. तेवढंही मला जमलं नाही. डाव्या हाताची तर्जनी शेजारच्या किल्लीला लागली आणि सूर एक पायरी वर गेला. म्हणजे चुकीच्या वेळी निघालो आणि घराच्याही जरा वरच पोचलो. आमच्या खात्यात हा दोष रोजचा आहे : लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर थांबते, दार उघडतं, आणि बाहेर पडणारा माणूस तोंडावर आपटतो. उपाय एकच, लिफ्ट खाली आणायची. एकतीस वर्षांत मी दुसरा उपाय पाहिला नाही. तुम्ही अर्ध्या ठोक्यात मजलाच चार बोटं वर उचललात. मी ऐटीत पाऊल टाकून बाहेर पडलो, आणि मला कळलंसुद्धा नाही.

मग शहानिशा केली, कारण माझा स्वभाव. ती कॉर्ड तिथे चालते का? चालते. सी सेव्हन (आपल्या गाण्यातला पाचवा मजला) आणि एफ शार्प सेव्हन, वरवर बघता एकमेकींच्या ओळखीच्यासुद्धा नाहीत, पण दोघींच्या पोटात दोन सूर तेच आहेत, ई आणि बी फ्लॅट, आणि घराची ओढ त्या दोन सुरांतच असते. म्हणून पाचव्या मजल्याच्या जागी ही बदलीवर आलेली कॉर्ड उभी राहू शकते, आणि ती वरून एकच पायरी उतरून घरी येते. पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे, माझ्याकडे त्या पुस्तकात खूणही घातलेली आहे. आणि नेमकं तसंच रेकॉर्डिंगमध्ये आहे. पंचविसाव्याच्या तोंडाशी मी बोट उचलतो, तुम्ही हात सरकवता, आणि आपण दोघं एकदम एक पायरी उतरून घरी येतो. सगळं नियमात बसतं. नियम मला पाठ होते आणि मी तुम्हाला फॉर्म भरून दिला.

मला सगळ्यात लागलंय ते पुढचं. तुम्ही त्या दिवशी चहाच्या वेळी एक वाक्य बोलला असतात तर पस्तीस माणसांत माझं हसं झालं असतं. ‘अरे, तू चुकलास म्हणून मी बदललं.’ बास, एवढंच. तुम्ही ‘असेल’ म्हणालात. मग फॉर्म आला, तो फळ्यावर लागला, तरी नाही बोललात. ताईलाही सांगितलं नाहीत. ताईला मी परवा आडून विचारलं तर म्हणते, ते वाद्यवृंदाबद्दल बोलतच नाहीत, फक्त जेवणाच्या टेबलावर कधीकधी बोटं फिरवतात. छापखान्यात तुम्ही दुसऱ्याच्या चुका पानाच्या कडेला बारीक अक्षरात दुरुस्त करायचात आणि पुस्तकावर नाव लेखकाचं यायचं. मी हे कितीदा ऐकलं होतं. पण स्वतःच्या बाबतीत माणूस लेखकच असतो.

म्हणून सोबत सुधारित अहवाल जोडत आहे. प्रती शिंपी आणि डॉक्टरीणबाई यांना दिल्या आहेत, आणि फळ्यावर मी स्वतः चार टाचण्या मारून लावला आहे : ‘मागील अहवाल रद्द. दोष : खण क्र. २३ मध्ये क्लॅरिनेटवादकाने खण मोजण्यात व बोट ठेवण्यात चूक केली. कारण : शेजारच्याचं न ऐकणे. उपाय : पियानोवादकाने तो त्याच क्षणी केला होता. पुनर्तपासणी :’ ही शेवटची जागा रिकामी ठेवली आहे. गेल्या आठवड्यात एक आजीबाई तो वाचून बाईंना विचारत होत्या, मग ते दोघं आता बोलतात का? बाई म्हणाल्या, तोंड उघडा.

असो. अहवाल इथे संपतो. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल, शिक्षिकाबाई समर्थ आहेत, आणि मी माझ्या सोलोतून तो सूर काढून टाकून तक्त्याप्रमाणे सी सेव्हनला शोभेल असा सूर बसवला आहे. कोणालाही काही त्रास होणार नाही. ताईला नमस्कार. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता.क. शिक्षिकाबाईंबद्दल वर जे लिहिलं ते खरं नाही. म्हणजे नखं वगैरे खरं आहे. पण त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच कळवलं, की मला कागदावर असतं तेवढंच येतं आणि तुम्हाला माणूस वेगळा हवाय. मी ‘नाही हो, तसं काही नाही’ म्हणालो. त्यांनी माझ्याकडे मुलींकडे बघतात तसं बघितलं. तेव्हापासून पियानोचं झाकण बंद आहे आणि त्यावर पेशंटांची मासिकं ठेवली आहेत. ग्रंथपालांना अजून कोणी सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, या रविवारपर्यंत काही झालं नाही तर कार्यक्रम रद्द करू, आणि मग एकूणच थांबवू. शिंप्याने बासला खोळ घातली. ती त्याने नवी शिवली आहे, जाड कापडाची.

ता.क. २. हिने पत्र वाचलं. म्हणते, चांगलं आहे, पण एवढ्या पानांत माफी कुठे आहे? मी म्हटलं, सुधारित अहवालात आहे. म्हणते, तिथे ‘क्लॅरिनेटवादकाने’ आहे, ‘मी’ नाही. पुन्हा तपासून पाहिलं, तिचं बरोबर आहे. तर : मी चुकलो, दाजी. खणात चुकलो, आणि त्यापेक्षा चहाच्या वेळी चुकलो. मला तुमची फार आठवण येते.

ता.क. ३. हे पत्र पोस्टाने न टाकता शनिवारी चहाच्या कपाबरोबर खाली पाठवत आहे. छापखान्याच्या सवयीने कडेला दुरुस्त्या करून परत करणार असाल, तर कपाबरोबर पाठवू नका, स्वतः वर घेऊन या. चौथा मजला. लिफ्ट मी आज सकाळीच पाहिली, मजल्याला बरोबर थांबते.

ता.क. ४. तक्त्याप्रमाणे सूर बदलला असं वर लिहिलं, तेही खरं नाही. तो मी तसाच ठेवला आहे. पहिल्या रविवारी तेविसाव्या खणात मी एफ शार्पच लावणार आहे, या वेळी नीट मोजून, मुद्दाम, आणि तो दोन खण धरून ठेवणार आहे. तुम्ही पियानोवर नसाल तर तो चूक असेल.